एका रिंगचा निरोप

माझा धाकटा दीर मालवाहू जहाजावर खलाशी आहे. जहाज बंदराला लागलं की तिथल्या मिळेल त्या फोनवरून तो घरच्या लँडलाइनला एक रिंग द्यायचा आणि कापायचा. एक रिंग म्हणजे पोचलो, बरा आहे. परत फोन करायचा नाही, असं ठरलेलं. तोंडवलीत आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, तेव्हा सासूबाईंचा सगळा भरवसा त्या रिंगवर. दर बंदराचा नंबर वेगळा, त्यामुळे बाहेरदेशीच्या अनोळखी नंबराचं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

त्या महिन्यात रिंगा बऱ्याच आल्या. मी घरी उतरलेल्या पर्यटकांच्या न्याहारीत आणि चादरींत अडकलेली. सासूबाई खुशीत होत्या. "आज परत वाजलो गो. बरो आसा माझो झील," असं मासे साफ करता करता सांगायच्या. झील म्हणजे मुलगा.

मग बिल आलं. नेहमीच्या दहापट. चूक झाली असेल म्हणून शनिवारी सकाळीच मालवणला टेलिफोन ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी यादी काढून दिली. आमच्याच घरातून परदेशी नंबरांवर फोन गेले होते, एकेक पंधरा-वीस मिनिटांचा.

"एक रिंग देऊन कापतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही परत फोन केलात की मिनिटाला पैसे सुरू. तिकडे नुसती टेप वाजते. जितका वेळ धरून बसाल तितकं त्यांचं फावतं. बाहेरदेशी जाणारे फोन बंद करून घ्या."

"येणारे?"

"ते येत राहतील."

मी अर्ज लिहिला, सही केली, बाहेर आले. बसस्टँडवर रेंज होती. सहज मोबाइल काढून दिराचा शेवटचा निरोप बघितला. एकवीस दिवसांपूर्वीचा. घरी रिंगा येत होत्या, म्हणून तो कधीचा आहे हे बघायचे कष्टही मी घेतले नव्हते. त्या रिंगा त्याच्या नव्हत्या, तर तो कुठे होता?

त्याला मेसेज टाकला. एकच टिक. मुंबईतल्या त्याच्या एजंटला फोन लावला. ऑफिस सोमवारी उघडणार होतं.

घरी येऊन आधी बिलाचं विचारलं. सासूबाईंनी लपवलं नाही. "एकदा आवाज आयकूचो होतो. एक बाई काय काय सांगी होती, गाणा लावी होती. माका वाटला, तेका बोलवूक गेली. मी आपली थांबलंय."

"आई, ती टेप होती. तिकडे कोणी नव्हतं."

"मगे रिंगा कोणी दिल्यान?"

मी सांगितलं. एकवीस दिवसांचंही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, सोमवारपर्यंत माझा चेहरा त्यांना दिसणारच होता. त्या पाट ओढून फोनपाशी बसल्या.

रविवारी दुपारी फोन एकदा वाजला आणि थांबला. मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. त्यांनी नंबर फिरवायला सुरुवातही केली होती. पलीकडून बाईचा आवाज आला, ही सुविधा उपलब्ध नाही.

"ह्या काय केलंस?"

"बाहेरचे फोन बंद केलेत."

"माझ्या झिलाक कुलूप घातलंस गो! तोच आसलो तर?"

"तो नाही."

"तुका खंयसून म्हायत?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि माझ्याच्यानंही भात संपला नाही.

सोमवारी घरचा फोन मोकळा ठेवून, दहाच्या आधीच रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन उभी राहिले. एजंटच्या ऑफिसातल्या मुलाने जहाजाचं नाव दोनदा विचारलं आणि मला थांबायला सांगितलं. तो परत येईपर्यंत मी समोरच्या बागेतले माड मोजत होते, आकडा सारखा चुकत होता.

"बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, मॅडम. आत जागा नाही म्हणून. अठरा दिवस झाले. सगळे ठीक आहेत. नेट नाही, बाकी काही नाही."

"त्याला म्हणावं, घरी बोल. रिंग देऊ नको, बोल."

"कॅप्टनला कळवतो."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ह्यो तरी खरो कशावरून?" त्यांचं बरोबर होतं. मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

संध्याकाळी फोन वाजला. वाजतच राहिला. सासूबाई हात लावेनात, माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली. त्यांनी उचलला. एवढ्या जवळून मलाही ऐकू आलं, "आये?"

आवाज त्याचा होता. सासूबाईंनी डोळे पुसले, पण आवाज कडक ठेवला.

"रे, पैसे कोणाचे जातत?"

"माझे गे, आये. जहाजावरचो फोन आसा."

"मगे बोल," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.