आभाळातून दिसलेलं खळं

लोधिवलीच्या सोनाबाईला हसू आवरत नसे. रस्त्यावर खडी फोडताना ती हसायची, मुकादम ओरडला की जास्तच. एका वळणापाशी मात्र तिचा जीव टांगणीला लागायचा. नवरा हिरामण रोज गवताची गाडी घेऊन तिथूनच चौक गावच्या बाजाराला जायचा. समोरून लॉरी आली की बैल पार काठावर सरकायचे. गेल्या महिन्यात तर एक चाक अधांतरी लोंबलं होतं.

१९४६च्या हिवाळ्यात रस्त्याचे साहेब गावाशेजारी तंबू ठोकून बसले. लढाईच्या दिवसांत विमानातून काढलेले फोटो त्यांच्या मेजावर पसरले होते. त्यांवरून धोक्याची वळणं हुडकायची आणि रुंद करायची, असं काम. सोनाबाई पाण्याची कळशी घेऊन आत गेली आणि जागीच थबकली. आपलं गाव, तेही वरून! ती हरखूनच गेली.

"अगं बया, ह्यो आमचा गोठा! ही वड्याची वाट!"

साहेबांनी मात्र पट्टी लावली आणि नेमक्या तिच्या वळणावर काट मारली. "इथे रस्ता दुप्पट रुंद आहे. काम नको."

"दुप्पट? कुटं वो?" तिनं निरखून पाहिलं आणि हसत सुटली. "सायेब, ह्यो रस्ता नाय, माजं खळं हाय! मीच सारवलंय. रस्त्याच्या खाली हाय, पुरुषभर खोल!"

सारवून वाळलेलं खळं फोटोत रस्त्याइतकंच पांढुरकं दिसत होतं. साहेब चपापले. त्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले, वर उंचसखल दाखवणारं दुहेरी भिंग मांडलं, डोकावले आणि कपाळावर हात मारून तेही हसायला लागले.

"ये, तूच बघ."

सोनाबाईनं डोळे लावले मात्र, डोंगर उठून उभा राहिला, रस्ता वर आला आणि खळं खाली खोल गेलं. तिला गरगरलं. "पडले गं बाय!" म्हणत तिनं मेज गच्च धरलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा किंचाळली. तिसऱ्यांदा साहेबांनी भिंगच काढून घेतलं.

"रस्ता रुंद करू," ते म्हणाले, "पण भराव तुझ्या खळ्यावरच पडेल. मळणी कुठे करशील?"

"मळनी कुटंबी करीन, सायेब. घरवाला दुसरा कुटनं आनू?"

सोमवारी भराव सुरू झाला. मातीची पहिली पाटी तिनंच टाकली.