टेस्ट करूनच घरी
करोनाची दुसरी लाट आली तेव्हा मी पुण्याला वसतिगृहात राहून विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. घर पळसदरीजवळच्या गावात, बौद्धवाडीत. वडिलांना दम्याचा त्रास. खोपोलीच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं धुळीत काम करून त्यांची छाती कायमची गेलेली.

वसतिगृह रिकामं करायची सूचना लागली आणि मुली त्याच दुपारी बॅगा भरायला लागल्या. आमच्या भागातल्या आम्ही तिघी होतो. एक भिसेगावची, एक खोपोलीत शिळफाट्याला राहणारी आणि मी. भिसेगाववालीचा मामा मार्केट यार्डातून भाजी न्यायला टेंपो घेऊन यायचा, तोच आम्हाला सोडणार होता. सामान बांधून झालं आणि शिळफाट्याची म्हणाली, "टेस्ट करूनच जाऊ या गं. ताई बाळंतपणाला आलीय घरी."

आम्हाला कुणालाच काही होत नव्हतं. पण वडिलांची धाप आठवली आणि मी लगेच हो म्हणाले.

रिपोर्ट आले. आम्हा दोघींचे निगेटिव्ह, टेस्ट सुचवणारीचाच पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी आत्ता घरी असते. ताईच्या शेजारी झोपले असते." आणि रडायला लागली. आम्हाला जवळही जाता येईना.

वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघी निघा. हिला सेंटरवर पाठवते."

भिसेगाववाली कधी मोठ्याने बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "मॅडम, कालपर्यंत आम्ही तिघी एका डब्यात जेवत होतो. आज आमचा रिपोर्ट चांगला आहे, उद्याचं कोणी सांगावं? आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत राहतो, मजला आमचा आम्ही झाडतो. पण हे घेऊन गावात जाणार नाही आणि हिला सोडूनही जाणार नाही."

मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग आम्हाला एकाच मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या किल्ल्या दिल्या.

तिच्या दाराबाहेर स्टुलावर जेवण ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागे सरायचं. गप्पा व्हरांड्याच्या दोन टोकांवरून, ओरडून. ऑक्सिमीटर तिच्याकडेच होता. सकाळ-संध्याकाळ ती आकडा ओरडून सांगायची. एकदा तो आकडा एकदम खाली आला. आम्ही घाबरलो. मॅडमनी अँब्युलन्सला फोन लावला. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, थांबा! मी नेलपॉलिश लावलंय!" पुसून बोट पुन्हा घातलं तर आकडा जागेवर. मॅडम रागवायला गेल्या आणि त्यांनाच हसू फुटलं.

डॉक्टरांनी तिला मोकळं केलं, आमची टेस्ट पुन्हा चांगली आली, तेव्हाच आम्ही मामाला बोलावलं. टेंपोच्या मागे, भाजीच्या क्रेटांमधल्या जागेत, अंतर ठेवून बसलो. घाटातला वारा मास्कमधून आत शिरत होता. शिळफाट्याला तिची ताई वरच्या गॅलरीत भलं मोठं पोट घेऊन उभी होती, दोन्ही हात हलवत. आमची मैत्रीण खालूनच तिला डोळे भरून बघत राहिली, मग बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवरच्या खोलीत गेली.

मीही फोनवर सांगून ठेवलं होतं की टेंपोतून लोकांबरोबर येतेय, आणखी थोडे दिवस वेगळी राहीन. आमचं घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर. म्हणून वडिलांनी वाडीतल्या लोकांना विचारून बंद पडलेलं समाजमंदिर उघडून घेतलं होतं. आईने ते झाडून, पाणी भरून, चटई टाकून ठेवली होती. मी पोचले तर दोघं रस्त्याच्या पलीकडे उभी. आईचा पदर डोळ्यांना.

शेजारची काकू हे सगळं बघत होती. तिला राहवलं नाही. "आमाला लोकांनी जन्मभर लांब उभं केलं. आता शिकलेली पोर आपल्याच बापाला लांब उभं करते काय गं?"

वडिलांनी मास्क नीट केला. "वैनी, ते आपल्याला लांब ठेवायचे ते कमी समजून. ही लांब उभी हाय ती मला जपायला. दोन्ही सारखं हाय का?" त्यांना धाप लागली. थांबून, श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "हिच्या मैत्रिणीला झाला, तर ह्या पोरी तिच्यासाठी तिथंच थांबल्या. मग टेस्ट करून आल्या. असं कोण करतंय? सांग गावात."

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिराच्या पायरीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी होती. ते ठेवून काकू मागे सरली होती आणि मी दार उघडेपर्यंत थांबली होती. "खा गं गरम हाय तवर," म्हणाली.

पुढे मुंबईहून, पनवेलहून जो कुणी वाडीत परतला तो आधी समाजमंदिरात राहिला. त्यांच्यासाठी पाण्याचं पिंप भरायला काकूच सगळ्यांच्या आधी जायची. शिळफाट्याच्या ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. वडिलांना त्या लाटेत काही झालं नाही. दमा आहे तसाच आहे. पण कर्जत स्टेशनच्या बाहेर कुणी ओळखीचं भेटलं की ते रिक्षावाल्याला थांबायला सांगून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतात, नेलपॉलिशसकट. मी शेजारी असले की "पुरे ना, बाबा," म्हणते. तरी ते संपवेपर्यंत मी तिथून हलत मात्र नाही.