जेवायच्या हाताला

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई आहे. अमावास्येला दारावरून लिंबू-मिरची ओवाळणाऱ्या शेजारणींची मी आयुष्यभर चेष्टा केली. घरात देव्हारा आहे, पण भूत, करणी, भानामती यांना कधी उंबरा ओलांडू दिला नाही. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी चहा पिता पिता करमणूक म्हणून वाचायची आणि "याची झोप पुरी होत नसणार" असं म्हणून पुढं जायची. आता पाळी माझ्यावर आली आहे... तर लिहिते. एवढंच सांगते की मला भीती वाटली नाही. राग आला.

आमचं घर मंगळवार पेठेत, एका बोळाच्या आत. मोठ्या रस्त्यावरून आत शिरलं की पिठाची गिरणी लागते आणि तिथं बोळाला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा तालमीच्या मागच्या भिंतीला जाऊन संपतो. डावा फाटा आमच्या दारात येतो. इतकं सोपं. तरीही आमच्याकडं पहिल्यांदा येणारा प्रत्येक पाहुणा आधी तालमीच्या भिंतीला जाऊन धडकायचा, आणि त्याला कारण आमचे हे.

ह्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून त्या परत भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. माणूस डावखुरा. सासूबाईंनी लहानपणी पळीनं मारमारून हात बदलायचा प्रयत्न केला, त्यामुळं लग्नाच्या पंगतीत बसले की उजव्या हातानं जेवायचे, पण घरात ताट पुढं आलं की डावाच. आणि रस्ता सांगताना डावं-उजवं कधी म्हणायचेच नाहीत. "गिरणीपाशी आला की जेवायच्या हाताला वळा." झालं! जग उजव्या हातानं जेवतं, त्यामुळं जग तालमीकडं जायचं. मग पाहुण्याचा फोन, मग ह्यांचं हसणं, आणि ठरलेलं वाक्य — "माझा जेवायचा हात डावा हाय, पावणं!" मी वैतागून म्हणायची, अहो, सरळ डावीकडं म्हणा की. तर म्हणायचे, "मग हसायचं कशाला?"

गेल्या वर्षी हे गेले. हॉस्पिटलमध्ये, दुपारी, मी डबा आणायला घरी आले होते तेवढ्यात. त्यांचा मोबाइल कपाटात ठेवला, रिचार्ज कोण करणार? काही महिन्यांनी नंबर बंद झाला. हे मी स्वतः लावून बघितलं आहे. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही" असं ती बाई मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगते. एकदा सांगितलं असतं तरी मला कळलं असतं.

मुलगी बेंगळुरूला. तिचं म्हणणं, घराचा जिना तुझ्या गुडघ्यांना झेपत नाही, कळंब्याकडं लिफ्टवाला छोटा फ्लॅट बघितलाय, तिथं चल. खरंच होतं ते. पण सामान मावणार नव्हतं. मग तिनंच तिकडून जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर जाहिराती टाकल्या. ह्यांचं खातं घरातल्या टॅबवर चालूच होतं, तेच वापरलं. संपर्काला नंबर ह्यांचाच राहिला, हे आमच्या दोघींच्या लक्षात आलं नाही. मेसेज टॅबवर यायचे आणि मी उत्तरं द्यायची.

त्यात एक प्रश्न असतो — वस्तू कशी देणार? कुरिअरनं घरपोच, की घेणारा स्वतः येऊन नेणार? मुलगी म्हणाली, लहान वस्तूंना कुरिअर ठेव, कटकट नाही. मी सगळ्याला "स्वतः येऊन न्यावे" केलं. तिला सांगितलं की मला पॅकिंग जमत नाही. खरं म्हणजे कुरिअरवाला दारात उभ्या उभ्या खोकं उचलतो आणि पाणीसुद्धा न घेता जातो. घेणारा आला तर वस्तू बघतो, घासाघीस करतो, बसतो. घरात चार शब्द होतात. दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही, हो.

पहिलं गेलं शिलाई मशीन. गडहिंग्लजहून शबाना नावाची मुलगी आली, सोबत भाऊ, छोटा टेम्पो घेऊन. मी मेसेजमध्ये फक्त गिरणीची खूण दिली होती, म्हटलं तिथं आले की विचारतील. दार उघडलं तर ती हसतच होती.

"काकू, तुमचे काका लई गमतीचे हाईत!"

मला वाटलं शेजारचे कुणी भेटले असतील. म्हटलं, "कोण काका?"

"अवो, फोनवर. आम्ही गिरणीपाशी उभारलोतो. जाहिरातीतला नंबर लावला तर म्हनले, जेवायच्या हाताला वळा. वळलो की उजवीकडं, तर म्होरं तालमीची भिंत! परत लावला. तर हसाय लागले. म्हनले, माझा जेवायचा हात डावा हाय, पावणं."

मी तिला म्हटलं, फोन दाखव. दोन कॉल होते, लागलेले, बोललेले. नंबर ह्यांचाच. मला पाठ असलेला एकच नंबर आहे या जगात. तिला म्हटलं, आता लाव. तिनं माझ्यासमोर लावला, स्पीकरवर टाकला... क्रमांक अस्तित्वात नाही. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत.

भिंतीवर ह्यांचा हार घातलेला फोटो होता. शबानानं तो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. तिचा भाऊ म्हणाला, "चल गं, मशीन उचल." पण ती पोरगी थांबली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आवाज चांगला होता, काकू. दुखन्यातल्या मानसाचा नव्हता." ते गेल्यावर मी जिथं मशीन असायचं तिथं, रिकाम्या जागेत, जमिनीवर बसून राहिले.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बंद नंबर कंपनी दुसऱ्याला देते. कुणीतरी टाइमपास करत असणार." म्हटलं, आणि जेवायचा हात? ती म्हणाली, "तालमीतल्या पोरांना माहीत होतं की ते." हे मलाही पटलं. गणित सुटलं नाही की माणूस जवळचं उत्तर मान्य करतो, विद्यार्थीसुद्धा तेच करतात.

नंतर लोखंडी कपाट घ्यायला जोतिबाच्या डोंगरावरून एक दुकानदार आले. गुलालानं नखं कायमची गुलाबी झालेला, मोठ्या आवाजाचा माणूस. ते न विचारताच कपाटापाशी गेले, किल्ली घातली, दार जरा वर उचललं आणि फिरवली. आमचं ते कपाट असंच उघडतं. दार न उचलता फिरवलं तर किल्ली अडकते. हे घरात मला आणि ह्यांनाच माहीत. मुलीलासुद्धा जमायचं नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अन्नांनीच सांगितलं की फोनवर. आनि म्हनले, बाईंना उचलू देऊ नका, पाठ धरती तिची. तुमी बसा, वैनी. आमी न्हेतो."

माझी पाठ धरते खरी. ते मी कुणाला सांगत नाही.

मला राग आला तो इथं. गडहिंग्लजच्या पोरीशी बोलता, डोंगरावरच्या दुकानदाराशी बोलता, त्यांना माझी पाठ सांगता, आणि मी? मी रोज लावते तेव्हा ती तीन भाषांतली बाई! दुकानदार गेल्यावर मी फोटोसमोर उभी राहून भांडले. मोठ्यानं. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं, डोकावू दे.

त्यानंतर मुलीला सांगणं बंद केलं. आणि खरं सांगते, मी वस्तू विकत सुटले. लागणाऱ्यासुद्धा. इस्त्री, पाटा-वरवंटा, झोपाळा, पितळी घंगाळ. मागतील त्या भावाला. कुणी आलं की चहा ठेवायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायची, "रस्ता सापडला ना?" काही जण म्हणायचे, मॅप लावून आलो. असल्यांना मी बिस्किटं देत नसे. पण काही जण तालमीच्या भिंतीला धडकून, हसत हसत यायचे. ते काय काय ऐकून यायचे! मी एकेक शब्द विचारून घ्यायची. खोकत होते का? नाही. मागं कसला आवाज होता का? नाही. बाकी काही म्हणाले का? कुणाला म्हणाले, चहा घेतल्याशिवाय निघू नका, तिच्या चहात आलं असतं. रस्ता चुकलेल्यांनाच मिळत होते हे. मला घर माहीत होतं, हाच माझा गुन्हा.

एक दिवस तोही प्रयोग केला. भर दुपारी गिरणीपाशी जाऊन उभी राहिले, पदर डोक्यावरून घेतला आणि नंबर लावला. म्हटलं, रेकॉर्ड वाजायच्या आधीच बोलावं. आवाज बदलून मी म्हटलं, "पावणं, झोपाळा बघायला आलोय, रस्ता सांगा की." ती बाई सुरू झाली. मी तरी बोलतच राहिले, "मला रस्ता सापडत न्हाई..." गिरणीवालीनं दळण थांबवलं. मला आत बोलावून पाणी दिलं. तिथून घर पन्नास पावलांवर आहे, पण मला उठवेना.

शेवटी घर रिकामं झालं. फ्लॅटवर आले. चौथा मजला, पांढऱ्या भिंती, लिफ्टचं दार बंद झालं की सगळं बंद. इथं लोक वाईट नाहीत, पण सगळी दारं सारखीच. सोबत आणलेली विकण्याजोगी एकच वस्तू उरली होती. मोटरीची तार गुंडाळायचं ह्यांचं हातयंत्र. त्याची मूठ त्यांनी स्वतः डाव्या बाजूला बसवून घेतली होती, त्यामुळं दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. तरी जाहिरात टाकली. पत्ता घातला नाही. फक्त लिहिलं — घरपोच नाही, स्वतः येऊन न्यावे, रस्ता फोनवर विचारावा.

पुष्कळ दिवस कुणी आलं नाही. मग एकाचा मेसेज आला, फोन करून उपयोग झाला नाही, पत्ता पाठवा. मी पाठवला. संध्याकाळी आला. मोटरी भरण्याचंच काम करणारा, हाताला ह्यांच्यासारखाच वार्निशचा वास. तो वास आत आला आणि मला क्षणभर काही दिसेना. तो बसायच्या आधीच तक्रार करायला लागला.

"बाई, नंबर कुनाचा दिलाय ओ तुमी? ते काका म्हनत्यात, तिकडचा रस्ता मला ठावं न्हाई."

मी विचारलं, "काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा."

"म्हनले, मी अजून गेलेलो न्हाई तिकडं. तिलाच इचारा." तो आठवत थांबला. "आनि म्हनले... तुमास्नी रस्ता कळला तर तिला म्हनावं, मला बी सांग."

मी त्याला यंत्र दिलं नाही. मूठ उलट्या बाजूला आहे, तुमच्या कामाचं नाही म्हटलं. तो कुरकुरला, पण चहा घेऊन गेला. आल्याचा.

तो गेल्यावर मी नंबर लावला. ती बाई सुरू झाली, क्रमांक अस्तित्वात नाही. तिला म्हटलं, तू बोल बाई तुझं, मी बोलते माझं. आणि तिच्या आवाजावरच रस्ता सांगितला. तलावाच्या बाजूनं या. दूध डेअरीच्या पुढं गुलमोहर आहे, तिथं आत वळा. निळं गेट. वॉचमन झोपलेला असतो, त्याला उठवू नका. लिफ्टमध्ये चार दाबा. बाहेर आलं की जेवायच्या हाताला — तुमच्या हो, जगाच्या नव्हे.

मराठी, हिंदी, इंग्रजी झालं आणि फोन कट झाला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. तर्क सगळे करून झाले, तुम्ही सुचवाल ते मी आधीच तपासलेले असतील. उत्तर येत नाही. एवढं मात्र आहे की जाहिरात मी काढलेली नाही, यंत्र कुणाला देणारही नाही. तुमच्यापैकी कुणाला ती दिसली तर मॅप लावू नका. नंबरवर फोन करा, आणि त्यांनी रस्ता बरोबर सांगितला तर तेवढं मला येऊन सांगा. चहा ठेवते.