जहाज आलं नाय, तरी चूल बंद केली नाय

हरसूलच्या गोडाऊनला मी गोण्या आणायला गेले, तर गोडाऊनवाला म्हणाला, "मावशी, गोण्या नाय."

"का नाय?"

"जहाज आलं नाय."

"आमच्या डोंगरात कुठला समुद्र रं?"

मी तवा पाड्यावरच्या बालवाडीत स्वैपाक करायचे. सुकडी म्हंजे पिवळं पीठ. त्यात गूळ-तेल घालून भाजायचं आन् पोरांना वाटीवाटी द्यायचं. ते पीठ अमेरिकेतून जहाजानं यायचं. बऱ्याच पोरांचं दिवसाचं पोटभर तेवढंच.

गोडाऊनवाल्यानं सांगितलं, "बांगलादेशावरनं लढाई झाली ना, अमेरिका पाकिस्तानच्या बाजूची. आपल्यावर रुसली."

"आमच्या पोरांनी काय केलं तिचं?"

त्यानं एक कागद हातात दिला. बालवाडीच्या बाईंनी तो वाचला. स्टॉक येईपर्यंत स्वैपाक बंद ठेवा, अशी ऑर्डर व्हती.

दुसऱ्या दिवशी पोरं वाट्या घेऊन आली. बाई म्हणाल्या, "सोनाबाई, परत पाठवा." मला नाय जमलं. घरनं भाकरी आणून कुस्करून दिली. पण तीस पोरांना माझ्या घरची भाकरी किती दिस पुरणार?

नागली, म्हंजे नाचणी, शेतातनं नुकतीच निघाली व्हती. घरोघरी थोडीफार व्हतीच. मी टोपली घेऊन फिरले. पहिलं घर लहानूबाबाचं. तो हसला.

"सरकार आमाला देतं का आमी सरकारला?"

"सरकारला नको देऊ. तुझ्या नातीला दे. ती माझ्याकडंच जेवते."

म्हातारा उठला आन् टोपलीत शेरभर नागली घालून गेला. मंग बाकीच्यांनीबी दिली. कुणी उडीद दिला, कुणी गूळ.

बारक्या पोराला नागलीचं नुसतं दळलेलं पीठ पचत नाय. म्हणून आमच्याकडं नागली भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की सुकवायची, भाजायची, मंगच दळायची. बाळंतिणीला आन् लेकराला आमी हेच देतो. मी तेच केलं. पातळ आंबील, वर उडदाची भाकर.

दोन महिने झाले आन् बालवाड्या तपासणारे साहेब आले. सपाटीवरचा माणूस. अंगणात धोतरावर मोड आलेली नागली सुकत व्हती. ओरडलाच.

"कुजलेलं धान्य पोरांना घालता? फेका हे! आणि ऑर्डर बंदची आहे, चूल कोणी पेटवली?"

"मी."

"नोकरी नकोय का?"

मी बोलले, "साहेब, काटा आणलाय ना? आधी पोरं तोला. मंग मला काढा."

त्यांनी आंब्याच्या फांदीला काटा टांगला. एकेक पोर झोळीत घातलं. बाई मागचं वजन रजिस्टरातनं वाचत गेल्या. एकाचंबी वजन उतरलं नव्हतं. लहानूबाबाच्या नातीचं तर वाढलं व्हतं. तिला दुसऱ्यांदा तोलली, काटा खोटा वाटला म्हणून. तरी तेवढंच.

साहेबांनी काटा खाली काढला. मंग म्हणाले, "त्या आंबिलीतली थोडी देता?"

दोन वाट्या प्याले. रजिस्टरात कायतरी लिवलं आन् जीपमधी बसून गेले. मला वाचता येत नाय.

"बाई, काढलं का मला?"

"नाही हो. लिहिलंय, चूल चालू ठेवावी."

पुढच्या महिन्यात ऑफिसात मीटिंग झाली. साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. समोर सगळ्या बालवाड्यांच्या शिकलेल्या बाया वह्या घेऊन बसल्या. नागली किती येळ भिजवायची, मोड केवढा येऊ द्यायचा, मी सांगत व्हते आन् त्या लिवत व्हत्या. मधीच एक म्हणाली, "मावशी, जरा सावकाश." मंग मी सावकाश सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेचं पीठ परत आलं. मी घेतलं. नाय म्हणायला मी काय येडी? पण नागली भिजवायची सोडली नाय.

लांबच्या लोकांचं भांडण आपल्या पोराच्या वाटीपर्यंत येतं, हे मला तवा कळलं. ते मिटवणं माझ्या हातात नव्हतं. जे व्हतं ते मी केलं.