आडवा ओरखडा

भागूबाई कामावर आल्या की माडीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायच्या आणि पायांतली जोडवी काढायच्या. बोटे सुजलेली असली तर थुंकी लावून काढायच्या. मग ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायच्या, गाठ कमरेला खोचायच्या आणि अनवाणी वर जायच्या. नवरा जिवंत असताना बाई रोज जोडवी उतरवते, हे भोरातल्या बायकांना बघवत नसे. पाणवठ्यावर टोमणे बसायचे.

"भागे, धोंडिबाला रोज सकाळी मारतीस आन् सांच्याला उठीवतीस व्हय गं?"

भागूबाई हंडा उचलत म्हणायच्या, "मारती न्हाई बया. राखती."

त्या खरेच बोलत होत्या. माडी होती एका लाकडाच्या ठेकेदाराची. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण ते टिकावे अशी माझी इच्छा नाही. वेल्ह्याकडच्या डोंगरातले बरेचसे रान त्याच्याकडे ठेक्याने होते. तिथला साग तोडून त्याने भोरात दुमजली घर बांधले आणि माडीवरच्या दिवाणखान्याला सागवानी फळ्यांची जमीन घातली. तांबूस, गुळगुळीत, खुर्चीचे पाय उलटे दिसावेत इतकी चकचकीत. भागूबाई धनगराच्या. त्यांचा नवरा धोंडिबा वरच्या वाडीवर मेंढरे राखायचा. ठेकेदाराने त्यांच्याशी सौदा केला होता: मेंढरे माझ्या रानात चरतील, बाईने माझी जमीन सांभाळायची. फळीवर ओरखडा उठला की मेंढरे बाहेर. असला सौदा लिहून ठेवावा लागत नाही. ज्याच्या हातात रान आहे त्याचा शब्द पुरतो.

मी त्याच घरात खालच्या खोलीत भाड्याने राहत होतो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. शेतकऱ्यांच्या चळवळीची पत्रके लिहीत होतो, हे मालकाला ठाऊक नव्हते. दिवाणखाना बरोबर माझ्या डोक्यावर. तीन वर्षांत वरून एकदाही खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. लोक बसत, उठत, जेवत, पण वर जणू कापूस अंथरलेला असे. तो कापूस म्हणजे भागूबाई.

त्यांची पद्धत मी एकदा जिन्यात उभा राहून पाहिली होती. आधी लोकरीचा सैल बोळा फळ्यांवरून अलगद फिरवायचा, मग तो खिडकीबाहेर झटकायचा, आणि त्यानंतरच घट्ट पिळलेले फडके. मी विचारले, सरळ फडकेच का नाही?

"आदी खडा उचलायचा," त्या म्हणाल्या. "खड्यावरनं फडकं फिरवलं तर फडक्याची कानस हुती. बाया म्हनत्यात पुसलं पुसलं, आन् घासत असत्यात."

प्रत्येक खुर्चीच्या, मेजाच्या, पलंगाच्या पायाला त्यांनी घोंगडीच्या तुकड्यांचे बूट शिवले होते. दर अमावास्येला ते उसवून नवे घालायच्या. जुने चांगले दिसत असले तरी. "लोकरीत खडा बसला की लोकरच खिळा हुती, मास्तर." लिहिणारा माणूस तो मास्तर, असा त्यांचा हिशेब. जवसाच्या तेलात मेण वितळवून त्या दर महिन्याला गुडघ्यांवर बसून सगळी जमीन घोटायच्या. गुडघ्यांना घट्टे पडले होते, बोकडाच्या असतात तसे. मेज हलवायचे झाले की चौघांना बोलावून उचलायला लावायच्या. खुद्द मालकाने एकदा खुर्ची ओढायला हात घातला, तर त्या म्हणाल्या, "उचला, वढू नका." त्यानेही उचलली. त्या घरात मालकाला हुकूम करणारी तेवढी एकच बाई होती आणि तीच अनवाणी होती.

मला याचा संताप यायचा. मी म्हणायचो, "भागूबाई, तुमच्याच डोंगरातला साग, आणि त्याला ओरखडा पडू नये म्हणून तुम्ही सौभाग्याचे लेणे उतरवता?"

"साग काय त्याच्या बापाचा न्हाई, ठावं हाय मला," त्या म्हणायच्या. "पन माजी मेंढरं माजी हायती."

त्या वर्षी फाल्गुनात ठेकेदाराच्या राखणदारांनी मार्गासनी, पाली, गुंजवण्याच्या शेतकऱ्यांना टहाळ तोडू दिला नाही. भाताच्या रोपाची जागा फांद्या-पाचोळा घालून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. लोकांनी ठरवले, मालकाला घरी जाऊन गाठायचे. मी पत्रक लिहिले. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे: तुमचा साग त्यांच्या पायाखाली आणि तुमच्या वहाणा त्यांच्या दाराबाहेर, हा न्याय कोणाचा? ते वाक्य मला फार आवडले होते. इतके, की मी ते खरे करून दाखवायचे ठरवले.

वैशाखातल्या एका सकाळी बाराजण आले. पुढे मार्गासनीचे तात्या, साठीचे, फेटा नीट बांधलेला. प्रत्येकाच्या पायात मावळी वहाणा, तळाला दगडावर टिकावेत म्हणून ठोकलेले खिळे. जिन्याशी भागूबाईंनी घोंगडी अंथरून ठेवली होती.

"बाबांनू, वहाना हितं काडा," त्या म्हणाल्या.

तात्या वाकलेसुद्धा. सवयच ती. मी त्यांचा दंड धरला. "कोणी काढायच्या नाहीत. आपण भीक मागायला आलेलो नाही."

भागूबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, मालकासाटी न्हाई म्हनत म्या. फळीसाटी म्हनती."

"फळीला मान, आणि माणसाला नाही?"

"मान न्हाई. कातडं हाय तिला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माजी मेंढरं हायती तिच्यावर. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होते. हे मला लपवायचे नाही. मी ते ऐकले, समजले आणि बाजूला सारले. मोठ्या कामात एका घराचे नुकसान होतेच, असे आम्ही सभांतून बोलत असू. ते घर कोणाचे, हे बोलत नसू.

तात्या चाचरले. "काडू की रं. काय झिजतंय आपलं?"

"मग पुढच्या वर्षी डोकेही खाली ठेवा," मी म्हणालो.

ते वर चढले. पंचवीस पायऱ्या करकरल्या. भागूबाई त्यांच्या आधी वर जाऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक माणूस फळीवर पाऊल टाकी तेव्हा त्यांचा डोळा मिटे. मी ते पाहत होतो.

मालक शांत होता. सगळ्यांना बसायला सांगितले, राबाचे गाऱ्हाणे पुरे ऐकले, बघू म्हणाला. एकदाही त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. तो खाली पाहत होता. जिन्यापासून मेजापर्यंत पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, काही फळीच्या रेषेबरोबर, पुष्कळशा आडव्या. लोक गेल्यावर त्याने भागूबाईंना बोलावले, एका रेघेवरून नख फिरवले आणि म्हणाला, "अडकतंय." बस्स, इतकेच. आम्हा तेराजणांना त्याने काही केले नाही. आमच्या अंगाला हात लावला असता तर गावे उठली असती. भागूबाईंसाठी कोण उठणार होते?

दुसऱ्या दिवशी राखणदारांनी मेंढरे रानाबाहेर हाकलली.

भागूबाईंना वाटत होते, ओरखडे मुजवले तर परत आत घेतील. त्यांनी हिरडे कुटून त्यांचे काळे पाणी काढले, रेघांत भरले, वर मेण, वर तेल, मग तळहाताने घोटणे. कितीतरी दिवस मी खाली पडून वरचा तो मऊ घासण्याचा आवाज ऐकत होतो. एकदा धीर करून वर गेलो. वहाणा खाली काढून. पहिल्यांदाच.

"मुजतील का?"

"रेघंच्या अंगानं गेलेला मुजतुया," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आडवा न्हाई मुजत. त्यो तोडत गेलेला असतुया."

"भागूबाई, मी..."

"पाय उचला, मास्तर. वल्या मेनावर हाईसा."

धोंडिबा चारा शोधत मेंढरे घेऊन भटकत राहिला. कोणाच्या पडीक रानात दोन दिवस, कोणाच्या बांधावर एक. ज्येष्ठ संपता संपता घाटमाथ्यावर पावसाने त्याला उघड्यावर गाठले. बहुतेक मेंढरे काकडून मेली. तो चार मेंढरे घेऊन वाडीवर आला, छातीत कफ भरलेला. आठ दिवसांनी गेला.

तेरावे उरकून भागूबाई परत आल्या. मी दारात होतो. सवयीने त्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि हात पायाकडे गेला. बोटांवर नुसते पांढरे वळ होते. हात तिथेच राहिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता काडाया काय न्हाई."

मी काहीतरी पुटपुटलो. राबासाठी पुन्हा निवेदन देऊ, मेंढरांचेही त्यात घालू, असे काही.

"माजं नका घालू," त्या म्हणाल्या. "तुमचं खोटं न्हाई, मास्तर. तात्याला राब मिळाय पायजे. पन तुमी आदी खडा उचलत न्हाई. तसंच फडकं फिरवता." आणि वर गेल्या.

श्रावणात पुण्याहून एक मोठा गालिचा आला. चौघांनी तो जिन्यापासून मेजापर्यंत अंथरला. सगळे ओरखडे त्याखाली गेले, मुजलेले आणि न मुजलेलेही. आलेले पाहुणे गालिच्याची तारीफ करत. जे एका दुपारी झाकून टाकता येत होते, त्यासाठी एक कळप आणि एक माणूस गेला होता. मालक भागूबाईंना म्हणाला, आता एवढी राखण लागणार नाही.

पुढल्या फाल्गुनात गावांना राबासाठी टहाळ तोडायची मोकळीक मिळाली. आम्ही विजयाचे पत्रक काढले. तेराही जणांची नावे त्यात आहेत. भागूबाईंचे नाही. ते पत्रक मीच लिहिले आहे.

त्या कधी गेल्या ते मी पाहिले नाही. कुठे गेल्या तेही नक्की कळले नाही. कोणी म्हणे वाडीवर, कोणी म्हणे घाट उतरून कोकणात. त्याच श्रावणात, गालिचा आल्यानंतरच्या एका सकाळी मी खाली बसून पुढच्या सभेचे लिहीत होतो, आणि डोक्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लाकडावर लाकूड. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

मी लेखणी खाली ठेवली. वर जाऊन पाहायची गरज उरली नव्हती.