आधी मेलेलं दाखवा

त्या रविवारी नाना सभेला आले नाहीत. सकाळी धुळ्यात, घरी, ते वारले होते. सभा सावद्याला होती. आम्हाला ते दुपारी कळलं.

नाना सरकारी खात्यात बागांचे पर्यवेक्षक होते. निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळाचे चिटणीस झाले. जळगाव-धुळ्याकडचे बागा आखणारे लोक या मंडळात होते. कुणी ओव्हरसियर, कुणी रोपवाटिकावाला, कुणी माझ्यासारखा शाळांच्या आवारांचे नकाशे काढून देणारा चित्रकलेचा मास्तर. मंडळ होतं, पण सभेला माणूस येत नसे. जळगावला शाळेच्या हॉलमध्ये पाहुण्यांचं भाषण व्हायचं, चहा व्हायचा, आणि रिकाम्या खुर्च्या आवरायला शिपाई आणि मी उरायचो.

नानांनी हॉल बंद केला. सभा सदस्याच्या बागेत भरवायची, आणि यजमानाने आधी मेलेलं दाखवायचं, मग जगलेलं, असा नियम घातला. लोक बिथरले.

"नाना, चारचौघांत आमची फजिती कशाला?" शिंदखेड्याच्या ओव्हरसियरने विचारलं.

"पहिली माझी करू," म्हणत ते आम्हाला धुळ्यात कचेरीच्या रस्त्यावर घेऊन गेले. त्यांनी लावलेली अशोकाची रांग वाळून उभी होती. "खाली चुनखडी आहे. हातभर खोदूनसुद्धा पाहिलं नाही मी. नकाशा मात्र सुंदर होता!"

आम्ही हसलो. मग एकेकाच्या वाळलेल्या झाडांची गोष्ट निघाली, आणि शेवटची एसटी चुकली तरी कुणी उठलं नाही.

सभेआधी नाना घरोघर जात. कार्डानं माणूस येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ओट्यावर बसून चहा घेत, मुलांची चौकशी करत, सभेचं नावही काढत नसत. निघताना चपला घालता घालता विचारत, "रविवारी येतोस ना?" मी एकदा कारण विचारलं. "बसून विचारलं की माणसाला सबब सुचते. दारात तो हो म्हणून मोकळा होतो."

असं बोलावणारं माणूस तुमच्याही गावात कुणी असेल.

सावद्याचे शेठजी केळीच्या व्यापाराबरोबर रोपवाटिका चालवत. एकदा नानांनी त्यांच्या ओट्यावरूनच हाक मारली, "शेठ, यंदा काय मेलं?"

आतून शेठाणी कडाडल्या, "नाना! सकाळी सकाळी दारात येऊन असं बोलतात का?"

"चुकलो, वहिनी. काय जगलं?"

"तुम्ही. बसा, चहा टाकते."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सगळ्यांच्याच बागा गेल्या. "लोकांना प्यायला पाणी नाही, नाना, आणि आपण झाडं बघत फिरायचं? लाज वाटते," शिंदखेड्याचा ओव्हरसियर म्हणाला. मंडळ बंद करावं असं बहुतेकांच्या मनात होतं. माझ्याही.

"लाज मलाही वाटते," नाना म्हणाले. "पण एकदा घरी बसलो की पुन्हा कोण कुणाला बोलावणार? येत्या रविवारी सभा तुझ्या कामावर."

ओव्हरसियरचं काम म्हणजे दुष्काळी कामातला रस्ता. बायका खडी फोडत होत्या, लेकरं उन्हात पडली होती. आम्ही रस्त्याकडेला लावायच्या झाडांचा नकाशा पसरून उभे राहिलो. एक बाई हातोडी थांबवून म्हणाली, "कागदवर झाडं लाई ऱ्हायनात का भाऊ?" सगळ्याजणी हसल्या.

"हो अक्का," नाना म्हणाले. "झाडं पाऊस पडल्यावर. सावली आज."

संध्याकाळपर्यंत आम्ही कपाशीच्या पळाट्यांचा मांडव घातला. लेकरं आत नेली. पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यालगत कडुनिंब लावले, आणि त्यातले मेलेले पाहायला मंडळ पुन्हा जमलं.

परतताना एसटीत नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी बोलवायला गेलो नाही, तर येतील का रे हे?"

मला वाटत होतं, येणार नाहीत.

नाना गेले त्या रविवारी सावद्याला सगळे आले होते. आदल्या आठवड्यात नाना सगळ्यांच्या घरी येऊन गेले होते. शेठजींच्या दुकानात फोन आला. शेठाणी दाराशीच खाली बसल्या. कुणीतरी म्हणालं, आता मंडळाचं काही खरं नाही.

काही वेळाने शेठजींनी विचारलं, "बोलवायला कोण जाणार, तेवढं सांगा."

"धुळे-शिंदखेडा माझ्याकडे," ओव्हरसियर म्हणाला.

"सावदा-रावेर मी बघतो," शेठजी म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

परक्याच्या घरी जाऊन बोलणं मला कधी जमलं नव्हतं. शाळेतही मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे.

"बोदवडची घरं माझ्याकडे," मी म्हणालो.

मंडळ अजून आहे. सभेच्या आदल्या आठवड्यात मी बोदवडला जातो.