अंडं सोसतं का?

इकडं ये, जवळ बस. तो मोबाइल पालथा ठेव आधी. परदेशात निघालीस, तिकीट काढलंस, नवी बॅग आणलीस, आणि लसीचं विचारलं तर म्हणतेस, "आत्या, शेवटच्या आठवड्यात बघू." शहाणीच आहेस! लस अंगात मुरायला दिवस लागतात गं, लोणच्यासारखं असतं ते. माझी काय गत झाली ते ऐक.

माझी लेक युगांडात. जावई तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट. आपल्याकडची पोरं उसाच्या मागनं कुठवर जातील, सांगता येत नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण, तिथं आपलं माणूस कुणी नाही, म्हणून मी निघाले. पण तिकडं पिवळ्या तापाची लस टोचल्याचं कार्ड दाखवावं लागतं, आणि ते कार्ड टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. माझ्या विमानाला उरलेले बाराच दिवस. कारण आमच्या ह्यांनी महिनाभर एकच धोशा लावला होता, "पिवळा ताप म्हंजी कावीळच की. तुला लहानपणी हून गेलीया. परत कशाला टोचून घ्यायचं?" आणि मी ऐकून उंब्रजला बसले.

शेवटी पुण्याला गेलो. डॉक्टरीण तरुण, पण प्रश्न फौजदारासारखे. वय पासष्ट म्हटल्यावर तिचं पेन थांबलं. "या वयात ही लस जपून द्यावी लागते. अंड्याची ॲलर्जी आहे का? लस अंड्यात वाढवतात."

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आमच्यात तुळशीची माळ हाय, मॅडम. तीस वर्षं झाली, घरात अंडं न्हाई."

"घरातलं नाही विचारलं. यांना सोसतं का?"

"खाल्लंच न्हाई तर सोसंल कशाला?"

"केक?"

"बिनअंड्याचा."

मी आपली मान हलवतेय. माझ्या वतीनं उत्तरं द्यायची ह्यांना जुनी सवय. डॉक्टरीण म्हणाली, "मग आज नको. तपासणी करून पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात! म्हणजे विमान गेलं आणि लेक एकटी बाळंत झाली.

आता तुझ्यापाशी काय लपवू? सांगलीला थोरल्या बहिणीकडं गेले की मी दर खेपेला दोन अंडी खाते. उकडलेली, वरनं तिखटमीठ. तिच्या सुनेलासुद्धा माहीत नव्हतं. दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो, आणि टरफलं गुलाबाच्या कुंडीत. सगळे म्हणायचे, मावशी आल्या की गुलाब कसा धरतो!

म्हटलं, "आवं, घसा सुकलाय. पाण्याची बाटली आणा की." हे बाहेर पडले आणि मी पुढं वाकले. "खाते, बाई. काही होत नाही. उलट बरं वाटतं."

ती हसली नाही, गुणाची पोर. आणखी चार प्रश्न विचारले, या वयातला धोका नीट समजावला, माझी सही घेतली आणि टोचलं. हे पाणी घेऊन आले तेव्हा मी दंड दाबून बसलेले.

पण तिनं ते कागदावर लिहिलं होतं! हे फौजेतले, इंग्रजी वाचतात. एसटीत कागद उघडला, एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. खंबाटकी घाटात घडी घालून खिशात ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसले. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा हळूच म्हणाले, "उकडल्यालं का आमलेट?"

"उकडलेलं."

"हं." मग गाडी सुटल्यावर, "फौजेत आमलेट लय झ्याक असायचं."

पोचले मी. तिसऱ्या दिवशी नात झाली. लेकीला पहिला शेक माझ्या हातचा मिळाला, आता त्यापुढं माळेचं काय व्हायचं ते होवो.

तू लसीसाठी सासूबाईंना सोबत घेऊन डॉक्टरकडं जाणार म्हणे. जा, चांगल्या आहेत त्या. पण त्यांच्यासमोर बोलवणार नाही असं काही असलं, गोळ्या चालू असतील, पाळी चुकली असेल, तर ते टोचायच्या आधी डॉक्टरला कळायलाच हवं गं, दिवस गेले असतील तर ही लस सहसा देत नाहीत. तोंडातनं निघत नसलं तर आधी माझ्यापाशी बोलून बघ. आज घाईत आलीस. येत्या चार दिवसांत राहायलाच ये, एकटी ये.